पास झालेल्या बाईचा फोन

दहावी-बारावीचे निकाल लागायच्या सुमारास वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक चौकट येते. निकालामुळे नैराश्य आल्यास खालील समुपदेशकांशी संपर्क साधावा, असं वर लिहिलेलं असतं आणि खाली जिल्ह्यांप्रमाणे नावं आणि फोन नंबर. वर्धा जिल्ह्याच्या नावांत बरीच वर्षं एक नाव माझं होतं. आमच्या ह्यांनी ती चौकट पहिल्यांदा वाचली तेव्हा चष्मा काढून म्हणाले, "हे बरं आहे. वर्षभर तुम्ही शिक्षकांनी नैराश्य द्यायचं, आणि उन्हाळ्यात त्यावर इलाजही तुम्हीच करायचा."

समुपदेशक व्हायला काय लागतं, असं लोक मला फार आदराने विचारतात. माझ्या बाबतीत एकच गोष्ट लागली, ती म्हणजे मे महिन्यात गावात असणं. मी वर्ध्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायची. बोर्डाला एक नाव पाठवायचं होतं आणि आमचे प्राचार्य एकेका प्राध्यापकाला फोन लावत होते. कोणी लग्नात होतं, कोणी थंड हवेच्या ठिकाणी, कोणाचा फोन लागतच नव्हता. मी पिपरी मेघेच्या आमच्या घरी गच्चीवर कुरड्या वाळत घालत होते. मी फोन उचलला, एवढाच माझा गुन्हा. प्राचार्य म्हणाले, तुमचा आवाज फार शांत आहे मॅडम. वर्ध्याच्या उन्हात मे महिन्यात गच्चीवर उभ्या असलेल्या बाईचा आवाज शांतच येणार, तिच्यात दुसरा आवाज काढायचं त्राण नसतं.

मग नागपूरला एक दिवसाचं प्रशिक्षण झालं. त्यात एका गृहस्थांनी आम्हाला सांगितलं की ‘नापास’ हा शब्द उच्चारायचा नाही, ‘अनुत्तीर्ण’ म्हणायचं. मी ते प्रामाणिकपणे पाळलं. पहिल्याच वर्षी देवळीकडच्या एका आजोबांना सांगितलं की तुमचा नातू अनुत्तीर्ण आहे. रेंज बरी नव्हती. पहिलं अक्षर वाटेत कुठेतरी पडलं आणि आजोबांना उत्तीर्ण तेवढं पोचलं. त्यांनी मला आशीर्वाद दिले आणि नातवाला बैलगाडीसमोर उभं करून ओवाळलं. नातवाने दोन दिवस काही खुलासा केला नाही. त्यानंतर मी सरळ नापास म्हणू लागले.

आता तर गुणपत्रिकेवरही नापास लिहीत नाहीत, फेरपरीक्षेसाठी पात्र असं लिहितात. त्यामुळे एका वडिलांचा फोन आला होता, "मॅडम, पोरगं कायले तरी पात्र झालं म्हणते. कायले झालं ते सांगा, म्हणजे त्या हिशेबानं मारता येईन."

बाहेरच्या माणसाला वाटतं की नापास झालेली मुलं रडत रडत आम्हाला फोन करत असतील. तसं नसतं. नापास झालेला मुलगा स्वतः जवळजवळ कधीच फोन करत नाही. त्याचा मामा करतो. मामाला बहिणीचं रडणं बघवत नाही, आणि भाच्याच्या कानाखाली दोन द्यायचा पहिला मान भाऊजींचा की आपला, हेही त्याला विचारून घ्यायचं असतं. रडत फोन करतात त्या नव्वदच्या वर मार्क पडलेल्या मुली. चुलत बहिणीला दोन टक्के जास्त पडलेले असतात. अशा मुलींना मी जेवून झोपायला सांगायची. एकदा एका मुलाने वडिलांचा आवाज काढून फोन केला. पोरगा नापास झाला तर त्याला मारणं शास्त्राला धरून आहे का, असं त्याने घोगऱ्या आवाजात विचारलं. मी म्हटलं, मुळीच नाही. तो म्हणाला, हे तुम्ही कागदावर लिहून देता का? आणि ‘देता का’वर त्याचा आवाज फाटला.

प्रशिक्षणात शिकवलेलं मी बहुतेक विसरले. माझं माझंच एक तंत्र तयार झालं होतं. फोन आला की मी तीन प्रश्न विचारायची. जेवलास का? घरात आत्ता कोण कोण आहे? आणि तू आत्ता कुठे उभा आहेस? पहिले दोन प्रश्न तिसऱ्यासाठी असतात. ‘घरीच आहे’ असं उत्तर आलं की माझा जीव भांड्यात पडायचा, मग मार्कांचं काय ते निवांत बोलता यायचं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लवकर आलं नाही, किंवा मागे वाऱ्याचा आवाज येत असला, तर मी हातातलं सगळं टाकून द्यायची. इतक्या वर्षांत ज्यांनी फोन केला त्यांची मला काळजी नाही. निकालानंतर दोन-तीन दिवसांनी पेपरात जी एखादी छोटी बातमी यायची, त्या मुलाने मला फोन केलेला नसायचा. नंबर चौकटीत छापलेला असायचा, माझा फोन चार्ज केलेला असायचा, आणि त्याने केलेला नसायचा. यावर कोणत्याही प्रशिक्षणात काही सांगत नाहीत.

तर तो फोन. माझ्या निवृत्तीच्या थोडं आधीची गोष्ट आहे. दहावीचा निकाल दुपारी एकला लागला होता. मामा मंडळींची पहिली लाट ओसरली होती आणि मी लोणच्याच्या कैऱ्या पुसत बसले होते. एका बाईचा फोन आला.

"जय भीम मॅडम. तुम्हीच का त्या निकालवाल्या?"

मी जय भीम म्हटलं आणि तीच मी, असं सांगितलं.

"मॅडम, पास झालेल्या माणसाले नापास होता येते का?"

याच्या उलटा प्रश्न मला हजार वेळा विचारला गेला होता. हा पहिल्यांदाच आला. मी विचारलं, कोण पास झालं?

"मी."

"आणि नापास?"

"माही पोरगी."

मग तिने सगळं सांगितलं. तिचं नाव वनिता. कारंजा घाडगेला, नागपूर-अमरावती हायवेला लागून तिच्या नवऱ्याचं, गजाननचं, ट्रकच्या टायरांचं पंक्चर काढायचं दुकान होतं. त्यालाच चिकटून वनिताचा नाश्त्याचा ठेला होता. तर्री-पोहे, आलुबोंडा, चहा. मुलगी साक्षी, एकुलती एक, यंदा दहावीला. वनिता स्वतः नववी झाल्यावर घरी बसलेली. वडील आजारी पडले, शाळा सुटली, मग लग्न झालं. पण अभ्यास या विषयावर तिला फार मतं होती, आणि ती मतं ती साक्षीला पोह्यांबरोबर रोज सकाळी वाढायची. एक दिवस साक्षी वैतागली आणि म्हणाली, "एवढं सोपं वाटते तं तूच देऊन पाय ना दहावी."

वनिताने सतरा नंबरचा फॉर्म भरला. ज्यांची शाळा मधेच सुटली त्यांना बाहेरून परीक्षेला बसता यावं म्हणून हा फॉर्म असतो. शेजारीपाजारी तिने सांगितलं की पोरीला सोबत म्हणून देते आहे. बटाटे उकडत असताना तिने भूमिती पाठ केली. परीक्षेला दोघींचं केंद्र एकच आलं, वर्ग वेगळे. आई नीट पिन लावलेली साडी नेसून, हातात कंपासपेटी घेऊन शाळेच्या फाटकातून आत येते, हे पाहून साक्षी मैत्रिणींच्या मागे लपली. पेपर सुटला की मैत्रिणी तिला तिचा पेपर कसा गेला हे विचारतच नव्हत्या. सगळ्या विचारायच्या, तुझ्या आईचा कसा गेला?

निकाल साक्षीनेच मोबाइलवर पाहिला. आधी स्वतःचा. गणित, विज्ञान आणि इंग्रजी, तीन विषय गेलेले. मग आईचा. आई पास, फर्स्ट क्लास. साक्षीने मोबाइल आलुबोंड्यांच्या परातीशेजारी ठेवला आणि निघून गेली.

"तं मी काय म्हणतो मॅडम," वनिता म्हणाली, "माहा रिझल्ट वापस घेतला तं चालन का? मले काय करायची आहे मार्कलिस्ट. दोघी नापास झाल्या म्हणजे घरात भांडण राहणार नाई."

हसू येत होतं, आणि तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की मी माझा तिसरा प्रश्न विचारलाच नाही. मी विचारलं, साक्षी आत्ता कुठे आहे?

पलीकडे काही ऐकू येईना. मग वनिता म्हणाली, "तेच तं माहीत नाई ना मॅडम."

मी कैऱ्या बाजूला सारल्या. तिला म्हटलं, फोन ठेवू नको, नवऱ्याला हाक मार. कुठे कुठे बघायचं ते मी एकेक सांगत गेले. मैत्रिणीचं घर, बसस्टँड, मावशी-आत्या असेल तिथे. ज्या जागांची नावं आईबापांच्या तोंडून निघत नाहीत, ती पुढची नावंही मीच घेतली. गजानन एका ट्रकचं चाक जॅकवर तसंच सोडून पळाला. ज्याचा ट्रक होता तो राजस्थानचा ड्रायव्हर काय झालं ते विचारून, शेजाऱ्याची मोटरसायकल घेऊन दुसऱ्या बाजूला गेला.

वनिता ठेल्यावर एकटी उरली, कारण पोरगी परत आली तर कोणीतरी असायला हवं होतं. तिला फोनवर धरून ठेवणं एवढंच माझ्या हातात होतं. अशा वेळी धीर धर म्हणण्यात अर्थ नसतो. मी तिला पोह्यांवरच्या तर्रीची, त्या झणझणीत रश्शाची, कृती विचारली. ती म्हणाली, मॅडम, हे काय विचारता आत्ता. मी म्हटलं, सांग तू, मला लिहून घ्यायचं आहे. आणि ती सांगू लागली. खोबरं किती भाजायचं, सावजी मसाल्याच्या भानगडीत का पडायचं नाही, हरभरे रात्री भिजवायचे की सकाळी. मधेच रडायची, मग मी विचारायची की तेल कधी सुटतं, मग ती डोळे पुसून पुढचं सांगायची. त्या बाईने मला तर्री तीनदा सांगितली आणि तिन्ही वेळा वेगळी सांगितली.

मग तिच्याकडे कोणीतरी धावत आल्याचा आवाज आला. गजाननच होता. त्याला वाटेत फोन आला होता. हायवेवर पुढे मोहनभाऊ नावाच्या एका माणसाचा धाबा होता, गजाननच्या ओळखीचा. मोहनभाऊ काय म्हणाला ते गजाननने बायकोला सांगितलं आणि मला फोनवर जसंच्या तसं ऐकू आलं. "तुही पोरगी माह्याइथं आली. नोकरी मागून राह्यली. मी म्हणलं पह्यले जेव, मंग इंटरव्ह्यू घेतो. आता जेवून राह्यली. तू आरामानं ये, धावत येजो नको."

इंटरव्ह्यू खरंच झाला म्हणे. दाल फ्राय आणि दाल तडका यात फरक काय, हे मोहनभाऊने विचारलं. साक्षी म्हणाली, मेनूकार्डावर आहे, भांड्यात नाही. मोहनभाऊने तिला तिथल्या तिथे पास केलं आणि बाप येईपर्यंत गल्ल्याजवळच्या कूलरसमोर बसवून ठेवलं.

मला वाटलं, संपलं. पण दोन दिवसांनी वनिताचा पुन्हा फोन. पोरगी घरी आली होती, जेवत होती, झोपत होती, पण आईशी एक शब्द बोलत नव्हती. दिवसभर बापाच्या दुकानात टायरांवर बसून राहायची. वनिताने ठेला उघडलाच नव्हता. स्वतःची गुणपत्रिका शाळेतून आणायला जाणार नाही, असं ती म्हणत होती. मी म्हटलं, साक्षीला फोन दे. साक्षीने फोन घेतला नाही. लांबूनच तिचं उत्तर ऐकू आलं, "त्या मॅडमले सांग, माहे मार्क ऑनलाइन आहेत, पाहून घ्या म्हणावं."

समुपदेशकाने घरी जायचं नसतं. तसा नियम होता की नाही मला आठवत नाही, पण कोणी जात नसे. आमचे हे म्हणाले, आजकाल डॉक्टरसुद्धा घरी येत नाहीत आणि तू चाललीस कारंज्याला. मी डोक्याला ओढणी गुंडाळली, ऊन बाधू नये म्हणून पर्समध्ये कांदा टाकला आणि आर्वीवरून जाणारी एसटी धरली. मला उत्सुकता होती, हेही खरं आहे. पास झाल्याचं दुःख झालेली बाई मला पाहायची होती.

गजाननचं दुकान म्हणजे टिनाचं शेड, एक कॉम्प्रेसर आणि टायरांचा डोंगर. त्याने मला एकुलती एक खुर्ची दिली आणि स्वतः उकिडवा बसला. फार सज्जन माणूस. त्याची अडचण वेगळीच होती. तो म्हणाला, "मी स्वतः दहावी तिसऱ्या खेपेले निघालो मॅडम, मले त्याचं काई वाटत नाई. पण आता करू काय ते सांगा. इकडं हसाव तं पोरगी रडते. तिकडं रडाव तं बायको म्हणते, मी पास झाली अन् तुमचं तोंड काऊन असं." दोन दिवसांपासून तो कोणताच चेहरा न करता दोघींच्या मधून वावरत होता.

साक्षी टायरांवर बसली होती. सोळा वर्षांची, उंच, हात काळे झालेले, हातात बापाचा पाना. मी तिला प्रशिक्षणातला ठरलेला प्रश्न विचारला, तुझी आवड काय आहे?

"झोपणं."

"आणखी?"

"आणखी झोपणं."

मग मी तिला पर्याय सांगितले. जुलैत पुरवणी परीक्षा असते, तीन विषय पुन्हा देता येतात, वर्ष वाया जात नाही. आयटीआयमध्ये काही ट्रेड असे आहेत की दहावी सुटली नसली तरी चालतं. शिवणकामाचा आहे, म्हणाले. ती म्हणाली, पोरगी दिसली की शिवणकाम. मी म्हटलं, वायरमनचा आहे, वेल्डरचा आहे. ती म्हणाली, हे सगळं मोबाइलवर भेटते. खरंच भेटत होतं. माझं समुपदेशन एवढ्यात संपलं आणि आर्वीची परतीची गाडी पाचची होती.

वनिता चहा घेऊन आली. चाळिशीला टेकलेली, ठेंगणी, नीटनेटकी बाई. तिने मला कप दिला, नवऱ्याला दिला, साक्षीचा कप तिच्याकडे न बघता टायरावर ठेवला आणि जायला वळली. मी म्हटलं, थांब जरा. मग साक्षीला विचारलं, की नापास झालेली मुलं मी पुष्कळ पाहिली, पण दुसरं कोणी पास झालं म्हणून घर सोडून नोकरी मागायला गेलेली तूच. नक्की राग कशाचा आहे?

तिने हातातला पाना फिरवला. मग आईकडे न बघता माझ्याशी बोलली.

"नापास झाल्याचं मले काई नाई मॅडम. गणितात तं होणारच होती. पण हिनं मले दाखवाले परीक्षा देली. गावभर सांगत फिरली, पोरीसाठी देऊन राह्यली म्हणून. आता हे पास अन् मी नापास. म्हणजे आजवर मी जे बोलली ते सगळं खोटं, अन् हे जे रोज सकाळी बोलते ते सगळं खरं."

गजानन एका ट्यूबला पॅच लावत होता. त्याने हातोडी खाली ठेवली.

वनिता म्हणाली, "तुह्यासाठी नाई देली."

साक्षीने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं.

"तू म्हणली नसती तरी देली असती. शाळा सुटली तेव्हापासून मनात होतं. पण एवढी मोठी बाई लोकायले काय सांगन, मले शिकायचं आहे म्हणून? लोक हसते. पोरीसाठी म्हणलं तं कोणी हसत नाई. म्हणून तुहं नाव घेतलं."

हे गजाननलाही नवीन होतं. इतकी वर्षं संसार केलेला माणूस बायकोकडे असा बघत होता, जणू ती नुकतीच कुठल्या तरी ट्रकमधून उतरली आहे.

"मंग मले पह्यले काऊन नाई सांगतलं?" साक्षीने विचारलं.

"तू हसली असती."

साक्षीने यावर प्रामाणिकपणे विचार केला. तो तिच्या चेहऱ्यावर दिसत होता. मग म्हणाली, "हसलीच असती."

"तं मंग."

"मंग मार्कलिस्ट वापस काऊन करून राह्यली आता?"

"तू घरी नव्हती म्हणून."

"आता आली ना," साक्षी म्हणाली, आणि थंड झालेला चहा उचलून एका दमात प्यायली.

मी त्या संभाषणात एक शब्दही बोलले नाही. माझ्या सगळ्या कारकिर्दीतलं हे सर्वांत चांगलं समुपदेशन, आणि ते मी खुर्चीवर बसून ऐकलं.

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते, कारण निकाल आधी पाहायची आपल्या सगळ्यांना सवय असते. साक्षीने जुलैत पुरवणी परीक्षा दिली. इंग्रजी आणि विज्ञान सुटलं, गणित राहिलं. एकच विषय राहिल्यामुळे तिला अकरावीत प्रवेश मिळत होता, पण त्याच कॉलेजात अकरावी कलाशाखेत पहिल्या बाकावर तिची आई बसणार होती. साक्षीने स्वच्छ नाही म्हटलं आणि आयटीआयला वायरमनचा ट्रेड घेतला. खांबावर चढायची तिला पहिले काही महिने भीती वाटायची, तेव्हा ती मला फोन करून शिव्या द्यायची. मला नाही, खांबाला. आज ती शेतांमध्ये सोलर पंप बसवणाऱ्या एका टोळीत काम करते, आणि पंप चालू झाल्याबरोबर त्याच्या पॅनेलवर चपला वाळत घालणाऱ्या लोकांवर ओरडते. गणित तिसऱ्या खेपेला सुटलं. गजानन म्हणतो, आमच्या खानदानात तीच पद्धत आहे.

वनिताला बारावीला दहावीपेक्षा कमी मार्क पडले. याचं तिला फार लागलं आणि तिने मला रीतसर फोन केला. मी तिला जेवून झोपायला सांगितलं. आता ती बाहेरून बी.ए. करते आहे. अर्थशास्त्र घेतलं आहे, त्यामुळे माझी सुटका नाही. मायलेकी रोज भांडतात. ठेला सकाळी सुरू होतो, त्याआधीच पहिली फेरी उरकलेली असते.

पण मला सांगायचं होतं ते त्या दिवशीच्या दुपारचं. माझ्या गाडीची वेळ झाली म्हणून मी उठले. साक्षीने टायरांवरून उडी मारली, साबणाच्या भुकटीने घासून घासून हात धुतले आणि बापाला विचारलं, "बाबा, पेढे आणले का नाई?"

गजानन म्हणाला, आणावे का नाही तेच समजत नव्हतं.

"आई पास झाली ना."

वनिता म्हणाली, राहू दे व, लोक काय म्हणतील. साक्षीने ऐकलं नाही. समोरच्या दुकानातून पेढ्यांचा पुडा घेऊन आली आणि मला म्हणाली, चला, तुम्हाला स्टँडवर सोडते. वनिता शेडच्या दारात पदराचं टोक धरून उभी राहिली.

पहिलं दुकान वेल्डिंगवाल्याचं. त्याने पुडा पाहून विचारलं, काय साक्षी, निघाली का दहावी?

"आई पास झाली. फर्स्ट क्लास."

"अन् तू?"

तिथे ती जराशी थांबली. मग म्हणाली, "मी नापास. तीन विषयात. घ्या पेढा."

वेल्डिंगवाल्याने हातमोजा काढला. त्याने पेढा घेतला. पुढे पानठेल्यावर तेच झालं, पण तिथे ती थांबली नाही. बांगड्यांच्या दुकानात तर कोणी विचारायच्या आधीच तिने सांगून टाकलं. आई पास, मी नापास, घ्या पेढा. प्रत्येक दुकानात आवाज थोडा मोठा होत होता. मी मागे मागे चालत होते, डोक्याला ओढणी बांधलेली, आणि लोक माझ्याकडे अशा नजरेने बघत होते की ही कोण, आणि ही पास आहे का नापास.

स्टँडच्या फाटकाजवळ एक गृहस्थ स्कूटरवरून येत होते. साक्षीने त्यांना हात करून थांबवलं. ते तिचे गणिताचे सर होते. निकाल त्यांना ठाऊक होता. गाडी थांबवून त्यांनी चेहरा गंभीर केला, आणि पेढे पाहिल्यावर तो गंभीर चेहरा ठेवावा की काढावा याचा त्यांना निर्णय करता येईना.

"सर, आईचे पेढे," साक्षीने पुडा पुढे केला. "तुमच्या विषयात बी पास झाली ते."

सरांनी एक पेढा घेतला आणि अभिनंदन सांग म्हणाले. ते गाडीला किक मारायला वळले तेव्हा साक्षीने पुडा तसाच धरून ठेवला.

"आणखी एक घ्या सर," ती म्हणाली. "जुलैत परत बसून राह्यली मी. पण माह्यावाला पेढा भेटन का नाई, गॅरंटी नाई."

सरांनी दुसराही घेतला.